डब्यातली गार

मोठेबाबांच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात एक स्टीलचा डबा असे आणि त्या डब्यात एक गार असे. घरी येणाऱ्या माणसाला आधी पाणी, मग चहा आणि मग ती गार, असा क्रम ठरलेला होता. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमचं आणि त्यांचं अंगण एक, चुली दोन आणि फ्रिज दोघांत मिळून एक. संत्र्याच्या बागेला पहिला भरघोस बहार आला त्या वर्षी त्यांनी तो वाशीमहून टेम्पोत घालून आणला आणि बैठकीत टीव्हीच्या शेजारी उभा केला. फ्रिज ही स्वयंपाकघरातली वस्तू आहे हे आमच्याकडे कोणाला माहीत नव्हतं असं नाही, पण ते पटण्यासारखं नव्हतं. एवढी भारी वस्तू पाहुण्यांना दिसणार नसेल तर घ्यायची कशाला? मोठ्या आईनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्यावर विणलेला रुमाल टाकला, त्यावर प्लास्टिकची फुलं ठेवली आणि दूध पूर्वीसारखंच शिंक्यावर ठेवत राहिली. तिचंही चुकत नव्हतं. त्या काळात आमच्या गावाला वीज जेवढा वेळ असे त्यापेक्षा जास्त वेळ नसे, आणि वीज नसलेला फ्रिज म्हणजे दार घट्ट लागणारं कपाट.

गारपीट झाली त्या दुपारी मी जऊळक्याच्या स्टेशनावर अडकले होते. अकरावीचं कॉलेज सुटून वाशीमहून आले तोवर आभाळ काळंनिळं झालं होतं, आणि मग स्टेशनच्या पत्र्यावर असा काही आवाज सुरू झाला की शेजारी उभी असलेली बाई तोंड उघडून काहीतरी ओरडत होती हे फक्त दिसत होतं. त्यामुळे आमच्या गावात काय पडलं, केवढं पडलं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पुढे इतक्या लोकांनी इतक्या वेळा मला ते सांगितलं की पाहिलं नसल्याचा फार फायदा झाला. पाहणाऱ्यांना आपापली आठवण सांभाळावी लागत होती, मला सगळ्यांची ऐकता येत होती. गावात माणूस कोणी दगावलं नाही. एक म्हैस मेली, पोपटांचा सडा पडला, हरभरा आणि गहू झोपला आणि मोठेबाबांच्या बागेत संत्र्याची झाडं सोलून ठेवल्यासारखी उभी राहिली. फळ तर गेलंच, साली फाटल्या. मी संध्याकाळी घरी पोचले तेव्हा मोठेबाबा अंगणातल्या खाटेवर बसून समोरच्या भिंतीकडे पाहत होते आणि मोठी आई त्यांच्या हातात चहाची कपबशी देत होती, ते घेत नव्हते, ती परत देत होती.

पंचनाम्याला साहेब आले ते पुरते आठ-दहा दिवसांनी, म्हणजे ऊन चांगलं तापल्यावर. पारावर खुर्ची टाकली गेली. साहेबांनी लोकांना विचारलं, गार केवढी होती? एक म्हणाला आवळ्याएवढी, दुसरा म्हणाला लिंबाएवढी. मोठेबाबा मागून पुढे आले आणि म्हणाले, "नारळाएवढी."

"सोललेल्या का न सोललेल्या?" साहेबांनी विचारलं.

लोक हसले. आपली बाग गेलेली असली तरी साहेबांच्या विनोदाला हसावं लागतं. मोठेबाबा हसले नाहीत. ते घरी गेले आणि तो स्टीलचा डबा घेऊन आले, कारण गारपिटीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी फ्रिज उघडला तेव्हा डब्यात ती गार होती, आणि तेव्हापासून ती त्यांनी जपली होती. सगळ्यांसमोर डबा उपडा केला, बुडावर दोन चापट्या मारल्या आणि एक पांढरा गोळा धपकन टेबलावर पडला. खरंच नारळाएवढा होता. फक्त त्याच्या बुडाला डब्याच्या बुडासारख्या गोल गोल रेघा होत्या.

"काका," साहेब म्हणाले, "हा डब्याचा बर्फ आहे." आणि कागदावर लिहिलं, लिंबाएवढी.

भरपाईत त्यानं काही फरक पडणार नव्हता. भरपाई पिकाची मिळते, गारेच्या आकाराची नाही, आणि ती जेवढी मिळते तेवढीच मिळाली. पण मोठेबाबा आयुष्यात कोणाशी खोटं बोलले नव्हते, निदान असा त्यांचा लौकिक होता आणि तो त्यांना बागेपेक्षा प्यारा होता. बाजारात संत्री विकताना वरच्या थरात मोठी फळं लावू नयेत असं म्हणणारा तो गावातला एकमेव माणूस. त्यापायी दलालही त्यांना थोडा वेडा समजत. अशा माणसाला चारचौघांत खोटं ठरवलं गेलं होतं. त्या दिवसापासून त्यांची एकच इच्छा उरली: कोणीतरी सरकारी माणसानं, सरकारी कागदावर लिहावं की गार नारळाएवढी होती. साहेब उठून गेल्यावर ते डबा बंद करत एवढंच म्हणाले, "थो साहेब खोटारडा हाय." त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ही सर्वांत मोठी शिवी.

डब्याचा प्रसंग पाहायला तिथे दिलीपभाऊ हजर होता. दिलीपभाऊचं झेरॉक्सचं दुकान होतं आणि उरलेल्या वेळात तो एका पेपरचा बातमीदार होता. गावात बातमी घडत नसल्यामुळे उरलेला वेळ पुष्कळ उरे. त्यानं मोठेबाबांचा गार हातात धरलेला फोटो छापून आणला. फोटोत मोठेबाबांचा चेहरा इतका दुःखी आला होता की ती गार त्यांची कोणी नातेवाईक असावी असं वाटे. खरं तर हाताला गारठा सोसत नव्हता. फोटो गाजला. वर्षानं दिलीपभाऊला पुन्हा बातमी हवी होती, तेव्हा त्यानं गारपीट स्मृतिदिन समिती काढली. अध्यक्ष मोठेबाबा, सचिव तो स्वतः, आणि सदस्य म्हणून ज्यांनी वर्गणी दिली नाही ते, कारण सदस्य झाल्यावर तरी देतील अशी आशा होती.

हा स्मृतिदिन पुढे कसा वाढत गेला ते सांगण्यासारखं आहे. पहिल्या वर्षी चार खुर्च्या आणि हार. दुसऱ्या वर्षी मंडप आणि बॅनर. बॅनरवर वरच्या बाजूला नेत्यांचे चेहरे, खालच्या बाजूला गावातल्या तरुण कार्यकर्त्यांचे गॉगल लावलेले चेहरे, आणि मध्ये जागा उरली तिथे गार आणि म्हैस. गारेचा फोटो आमचाच होता. मेलेल्या म्हशीचा फोटो कोणी काढून ठेवलेला नसल्यामुळे वाशीमच्या बॅनरवाल्यानं त्याच्याकडे होती ती म्हैस टाकली, आखूड वळलेल्या शिंगांची, परराज्यातली, गुटगुटीत. मेलेली म्हैस नागपुरी होती, पाठीपर्यंत गेलेल्या तलवारीसारख्या शिंगांची. तिचा मालक दरवर्षी बॅनरखाली उभा राहून म्हणे, "हे माही म्हैस नोय." आणि दरवर्षी दिलीपभाऊ म्हणे, "भाऊ, भावना पाह्य." दोन मिनिटं मौन पाळायचं ते कोणासाठी, हाही प्रश्न होता. समितीत वाद होऊन शेवटी "सर्व जीवांसाठी" असं ठरलं. मौन सुरू झालं की गावातली एकूण एक कुत्री भुंकू लागत, कारण एवढी माणसं गप्प उभी राहिलेली त्यांनी एरवी पाहिलेली नसत. मग भाषणं, आणि भाषणांनंतर रोडगे. खरं सांगायचं तर माणसं रोडग्यांसाठी येत. शेणगोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे, फोडून त्यावर तूप, वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. सकाळपासून धुराचा आणि भाजलेल्या कणकेचा वास सगळ्या गल्लीत भरून राही आणि लाऊडस्पीकरवर "हॅलो, हॅलो, माइक चेक" चालू असे. संकटाची आठवण एवढ्या चवीनं काढणारं दुसरं गाव मला माहीत नाही. जी झाडं फाटली होती ती पाहायला मात्र कोणी बागेत जात नसे. बाग लांब होती आणि वाटेत ओढा होता.

आता गारेबद्दल. ती वर्षानुवर्षं टिकली कशी, हा प्रश्न कोणाही वाचकाला पडेल. मलाही पडला होता. दिवसा वीज जाई, तेव्हा गार अर्धी विरघळे. संध्याकाळी वीज येई, तेव्हा पुन्हा गोठे. त्यातलं पाणी थोडं उडून जाई, थोडं सांडे. मोठी आई रोज संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाला की फ्रिजपाशी येई आणि डब्यात तांब्यातलं थोडं पाणी टाकी, अगदी तुळशीला घातल्यासारखं. मोठेबाबा त्या वेळी पारावर असत. एकदा मी तिला पकडलं.

"मोठी आई, तू तं रोज पानी टाकून राह्यली. मंग गार थेच कुठी राह्यली?"

ती माझ्याकडे दयेनं पाहत राहिली. "बेबे, आपलं दही कोनाचं हाय?"

"आपलंच."

"माह्या सासूचं हाय. तिनं लावलेलं इरजन अजून चालू हाय. दूध रोजचं नवं, दही थेच. तू कालेजात जातं ना वं? मंग एवढं समजत नाई?"

पुढे मी बरंच वाचलं. वस्तूचा एकेक भाग बदलत गेला तर ती वस्तू तीच राहते का, यावर मोठमोठ्या माणसांनी जाडजूड ग्रंथ लिहिले आहेत हे कळलं. मी ते चाळले. विरजणाच्या पलीकडे कोणी फारसं गेलेलं नाही.

त्या वर्षी, म्हणजे ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, दिलीपभाऊ धापा टाकत आमच्या अंगणात आला. टीव्हीवाले येणार होते. नागपूरहून, एका बातम्यांच्या चॅनलचे, डोक्यावर छत्री असलेल्या गाडीतून. थेट प्रक्षेपण करणार होते. मोठेबाबांनी त्याला तीन वेळा विचारलं की त्यात सरकारी माणसं पाहतात का. दिलीपभाऊ म्हणाला, "मोठेबाबा, सरकारी मानसं दुसरं करते काय?" तेव्हापासून मोठेबाबा आरशासमोर उभे राहून पुटपुटताना दिसू लागले. आज आमच्या गावात आभाळ भरून आलं की माणसं आधी मोबाईल घेऊन बाहेर येतात आणि मग वाळवण आत नेतात. टीव्हीवर येणं ही काय चीज होती ते आता कोणाला सांगून पटायचं नाही.

टीव्हीवाले स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी दुपारीच आले, जागा पाहायला. एक जॅकेट घातलेला वार्ताहर आणि एक कॅमेरावाला. मार्चमधल्या दुपारी जॅकेट घातलेला माणूस आमच्या गावानं पहिल्यांदा पाहिला. बिचारा घामानं निथळत होता. मोठेबाबा बागेतून यायचे होते, मोठी आई रोडग्यांसाठी गोवऱ्या रचून घेत होती, दिलीपभाऊ पाहुण्यांना घेऊन बैठकीत बसला आणि त्यानं आत आवाज दिला, "वयनी, पाव्हन्याइले काही थंडं करा!"

वहिनी म्हणजे संजूदादाची, मोठेबाबांच्या मुलाची, नवी बायको. कामरगावची. लग्न होऊन महिनाही झाला नव्हता, आणि त्यातले पंधरा दिवस ती माहेरीच होती. हुशार, चटपटीत मुलगी. तिच्या माहेरी फ्रिज स्वयंपाकघरात होता आणि त्यातल्या बर्फाचा उपयोग बर्फासारखा होत असे. तिला सगळ्या घराण्याचा इतिहास सांगून झाला होता, कोणाशी बोलायचं आणि कोणाशी नाही तेही सांगून झालं होतं, पण गारेचं सांगायचं प्रत्येकाकडून राहून गेलं, कारण ती गोष्ट जगात कोणाला माहीत नसेल असं आम्हाला वाटतच नव्हतं. मी कॉलेजातून आले तेव्हा वहिनी लिंबाच्या सरबताचे ग्लास घेऊन बैठकीत चालली होती. मला म्हणाली, "ताई, बर्फ भल्ला कडक होता वं. बत्त्यानं फोडला."

मी काही बोलेपर्यंत वार्ताहरानं पहिला ग्लास एका दमात संपवला आणि दुसरा घेतला. कॅमेरावाल्यानंही. दिलीपभाऊनं तर तिसरा घेतला; गारेचं वार्तांकन इतकी वर्षं केलेला माणूस, पण त्याला शंका आली नाही. तेवढ्यात मोठेबाबा आले, हातपाय धुतले, टोपी सारखी केली, नमस्कार झाला, आणि वार्ताहर रुमालानं तोंड पुसत म्हणाला, "काका, आम्हाला आधी ती गार बघायचीय."

मोठेबाबांनी फ्रिज उघडला. बर्फाचा कप्पा उघडला. मग त्यांनी वाकून खालचे कप्पे पाहिले, दारातल्या फळ्या पाहिल्या, फ्रिजच्या मागेही पाहिलं. डबा आत मोरीवर घासून उपडा ठेवलेला होता, तो उघड्या दारातून मला दिसत होता, आणि त्यांच्या पाठोपाठ अंगणातून आत आलेल्या मोठ्या आईलाही दिसला. तिनं डब्याकडे पाहिलं, दारामागे उभ्या वहिनीकडे पाहिलं आणि मग वार्ताहराच्या हातातल्या ग्लासाकडे पाहिलं. तळाला अजून थोडं सरबत आणि बर्फाची एक कपची उरली होती. मोठी आई पुढे झाली, "द्या थो ग्लास," म्हणाली आणि त्याच्या हातातून काढूनच घेतला. "गार उद्या. एक डाव काहाडतो आमी वर्षातून, असी बाजारासारखी नाई दाखवत." एरवी आल्यागेल्याला दाखवलेल्या त्या गारेबद्दल हे ऐकून दिलीपभाऊचं तोंड उघडं राहिलं, पण वार्ताहर प्रभावित झाला. बाहेर जाताना कॅमेरावाल्याला म्हणत होता, "श्रद्धा आहे बघ लोकांची."

ते गेल्यावर स्वयंपाकघरात आम्ही चौघं उरलो. वहिनी रडत होती. मोठेबाबा मोरीवरचा डबा हातात घेऊन आत पाहत होते, जणू अजून काही सापडेल. मोठ्या आईनं तो त्यांच्याकडून घेतला, ग्लासातली कपची उरल्यासुरल्या सरबतासकट डब्यात ओतली, वर तांब्याभर पाणी टाकलं आणि झाकण लावलं.

"झालं. रडू नको वं पोरी. इरजन वाचलं."

"काय करून राह्यली तू?" मोठेबाबा म्हणाले.

"रोज करतो थेच."

रोज या शब्दाचा अर्थ त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला. कळल्यावर ते पाटावर बसले. "म्हंजे थो साहेब खरा होता? डब्याचा बर्फ?"

"साहेबाचं काय घेऊन बसले? तुमी उद्या निस्ता डबा धरा. बोलाची काही गरज नाई."

"थे इचारतीन ना, हेच थे गार का म्हनून. मी खोटं बोलनार नाई. साहेबाले मी खोटारडा म्हनलो होतो चार मानसात."

"मंग बसा खरं बोलत! सुनीच्या नावानं बोंब होईन साऱ्या जिल्ह्यात. म्हनतीन, नवी सून आली आन् गारपीट पिऊन टाकली." हे ऐकून वहिनीनं आणखी मोठ्यानं सूर लावला. मोठेबाबांनी तिच्याकडे पाहिलं. सुनेवर त्यांचा जीव होता. त्या रात्री ते जेवले नाहीत, आणि आमच्या घरी जेवण टाळणं हा शेवटचा उपाय समजला जाई.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडप भरला. म्हशीचा मालक बॅनरखाली उभा होता. डिझेलच्या जनरेटरमधून वीज आमच्या घरातही ओढून दिली होती, त्यामुळे मी टीव्हीसमोर बसून दारातून मंडप आणि पडद्यावर मंडप असं दोन्ही पाहू शकत होते. खरे मोठेबाबा आधी हलत आणि टीव्हीतले मागून. डबा उघडला गेला. गार बाहेर आली ती पिवळसर होती, आणि तिच्या पोटात, काचेत ठेवल्यासारखी, लिंबाची एक बी स्पष्ट दिसत होती.

वार्ताहराचे डोळे चमकले. कॅमेरा इतका जवळ गेला की पडद्यावर नुसती बी राहिली. नागपूरच्या स्टुडिओत एक हवामानाचे जाणकार बसवले होते. त्यांनी तत्काळ सांगितलं की पिवळा रंग हा हवेतल्या रसायनांचा परिणाम असू शकतो आणि वादळी वारे बिया शेकडो मैल वाहून नेतात. खाली पट्टी धावू लागली: गारेत आढळली अज्ञात बी. मंडपात लोकांना हे ऐकू येत नव्हतं, ते रोडग्यांच्या धुराकडे पाहत होते. मग वार्ताहरानं माइक मोठेबाबांच्या तोंडाशी नेला.

"काका, इतकी वर्षं तुम्ही ही आठवण उराशी जपलीत. हीच ती गार ना? काय भावना आहेत तुमच्या?"

मोठेबाबांनी गारेकडे पाहिलं. मोठ्या आईकडे पाहिलं. ती पदराआडून मान हलवत होती, नाही, नाही. वहिनी तिच्यामागे लपली होती. त्यांनी घसा साफ केला.

"नाई," ते म्हणाले. "हे सरबत हाय."

मंडपात शांतता पसरली. दोन मिनिटांच्या मौनाला कधी जमली नव्हती अशी. कुत्रीही भुंकली नाहीत.

"सरबत?"

"हो. सरबत. तुमीच पेले काल."

मी टीव्हीकडे वळले. क्षणभरानं टीव्हीतल्या मोठेबाबांनीही तेच सांगितलं. स्टुडिओतल्या निवेदिकेचा आवाज भरून आला. "पाहिलंत प्रेक्षकहो, किती विदारक, किती बोचरे शब्द! या शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या दुःखाचं सरबत करून व्यवस्थेनं पिऊन टाकलं, आणि आज तो आपल्या सगळ्यांना सांगतोय, तुम्हीच प्यायलात!" पट्टी बदलली: दुःखाचं सरबत, शेतकऱ्याचा संतप्त सवाल. वार्ताहराच्या कानात काहीतरी सांगितलं गेलं असावं, कारण त्यानं एकदम खाली वाकून मोठेबाबांच्या पायांना हात लावला. मोठेबाबा त्याला उठवत पुन्हा पुन्हा सांगत होते, "अगा, खरंच सरबत हाय. चाखून पाह्य." त्यानं चाखलं नाही. भावना आवरत नसल्यामुळे त्याला बोलता येत नव्हतं.

त्या आठवड्यात मोठेबाबा सगळीकडे होते. एका नेत्यानं सभेत सरबताचा ग्लास उंचावला. दुसऱ्यानं उत्तर म्हणून पाण्याचा. अग्रलेख आले, त्यातल्या एकात त्यांना ग्रामीण उपरोधाचा अस्सल आवाज म्हटलं होतं. मोठेबाबांना उपरोध हा शब्द मी समजावून सांगितला, तेव्हा ते दुखावले. "म्हंजे मी जे बोललो थे मले म्हनाचं नोयतं, असं म्हनते का हे?" मी म्हटलं, जवळजवळ तसंच. ते म्हणाले, "एक डाव खरं बोललो तं हे हाल."

आणि मग साहेब आले. पूर्वीचे नव्हेत, नवे, तरुण, घाबरलेले. वरून फोन आला होता. ते ओढा ओलांडून थेट बागेत गेले, बूट चिखलात भरवून, आणि त्यांनी एकेक झाड पाहिलं, फाटून बरी झालेली साल हातानं चाचपली. एवढ्या वर्षांत बागेपर्यंत चालत आलेले ते पहिलेच सरकारी माणूस. मोठेबाबा त्यांच्या मागून चालत होते आणि विचारल्याशिवाय काही बोलत नव्हते. खरं बोलण्याचा धसका घेतला होता त्यांनी. घरी आल्यावर साहेबांनी कागद काढला आणि विचारलं, "गार नारळाएवढी होती, बरोबर?"

मोठेबाबांनी फ्रिजकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "साहेब, दुसऱ्या दिसी मी डबा उघडला, तवा नारळाएवढी होती. माह्या डोयानं पाह्यली. त्याच्या पयले केवढी होती, देवाले माहीत."

"म्हणजे नारळाएवढीच," साहेब म्हणाले आणि तसं लिहिलं. वाचूनही दाखवलं. मोठेबाबांनी कागद हातात घेतला, चष्मा लावून पुन्हा स्वतः वाचला, परत दिला, आणि अंगणात जाऊन पाठमोरे उभे राहिले. टोपी काढून त्यांनी ती खूप वेळ झटकली. टोपीवर काही नव्हतं. मग कोणालाही न सांगता पायात चपला घातल्या आणि बागेकडे निघाले. त्या चालीत असं काही होतं की मोठी आई, जिला त्यांच्यावर ओरडायला नेहमीच काहीतरी सापडे, तीही ते दिसेनासे होईपर्यंत नुसती दारात उभी राहिली.

त्याच दुपारी मी तिच्यासोबत ओट्यावर लसूण सोलत बसले होते. घरात दुसरं कोणी नव्हतं. मला राहवेना.

"मोठी आई, मोठेबाबाइनं तं दुसऱ्या दिसी पाह्यली. मंग गारा पडल्या तवा थे कुठी होते?"

"खाटीखाली," ती म्हणाली. "गोधडी घेऊन. पत्र्याचा आवाज झाला ना, त्यायले वाटलं घर पडते. आपल्या गावात अर्धे मानसं खाटीखालीच होते त्या दिसी. भाषनं कराले आता उभे राह्यते."

"मंग डब्यात गार कोनं ठेवली?"

"मी." तिनं लसणाची पाकळी चिमटीत दाबली. "आंगनात गेलतो पातेलं डोक्शावर घेऊन. वंजळभर डब्यात भरल्या. माठात टाकाव म्हनलं, पानी थंडं होईन. तेवढ्यात वासरू वरडलं, मंग डबा तसाच फ्रिजात लोटला आन् गोठ्यात पयालो. रातच्यानं त्या साऱ्या चिकटल्या एकाले एक."

मी हातातला लसूण खाली ठेवला. "म्हंजे एक गार नोयतीच? वंजळभर होत्या?"

"हो ना. लिंबाएवढ्या. काही आवळ्याएवढ्या."

"आन् तू इतके वर्ष बोलली नाई? साहेब आले, पेपरवाले आले, टीव्हीवाले आले. मोठेबाबाइले तरी सांगाचं!"

"यायले काय सांगू? कागद घेऊन आत्ताच बागेत गेले, तू पाह्यलं ना कसे गेले थे?" तिनं टरफलं पदरातून अंगणात झटकली. "आन् बाकीच्याइचं म्हनतं, तं मले इचारलं कोनं?"